खाडगाव रोडला सहकारी किराणा भांडार काढायचं म्हणतोय, कुणी केलंय का असलं काही?

निंबाखालचं_घर
नमस्कार मंडळी. लातूरला खाडगाव रोडच्या एका गल्लीत राहते, सासरे इथं प्लॉट घेऊन आले तेव्हा पुढं नुसती शेतं होती म्हणतात. आता आमच्या गल्लीत जुन्या घरांपैकी निम्म्याच्या वर होस्टेल झालीत, खाली मेस, वर तीन मजले पोरी नाहीतर पोरं, आणि घरमालक गावाबाहेरच्या प्लॉटिंगमध्ये बंगला बांधून मोकळे. जे राह्यलेत ते आमच्यासारखे पेन्शनवाले, बँकवाले, शाळेवाले, शिवाय भाड्यानं राहणाऱ्या आया, म्हणजे लेकराच्या अकरावी-बारावीसाठी गाव सोडून दोन वर्षं इथं खोली करून राहतात त्या. नांदेड, परभणी, हिंगोली, कुठून कुठून.

मुद्दा असा की किराणा लई महाग पडायलाय. दुकानं सगळी पोरांच्या हिशोबानं झालीत, पाच रुपयाचे शाम्पू, कुरकुरे, कोल्ड्रिंक, झेरॉक्स. पाच किलो डाळ मागितली तर दुकानदार वर बघतो. मॉल टाईप दुकानात जायचं तर रिक्षा आली. आणि गंमत बघा, आपण लातूरकर, तुरीचा भाव देशाला आपल्या मार्केट यार्डातून कळतो, डाळमिलांचा आवाज ऐकत मोठे झालो, आणि पाकिटातली डाळ कुठल्या राज्यातली ते मागं चष्मा लावून वाचायचं.

भिशीत विषय निघाला की आपणच वीस-पंचवीस घरांनी मिळून भांडार काढू, सहकारी, रीतसर नोंदणी करून. उत्साह भरपूर आहे, अक्कल कमी आहे. ज्यांना माहिती आहे त्यांनी सांगा.

उदगीरी_फटका
ताई हात जोडून सांगतो, सहकारी हा शब्द काढू नका. आमच्या वडलांचे रिटायरमेंटचे पैसे एका पतसंस्थेत गुंतलेत ते अजून गुंतलेलेच हाईत. बोर्ड अजून बी चकचकीत हे, आत कुणी नसतंय. नाव सहकार आन कारभार एकाचा.

नमुना_अ
सहकार खात्यात नोकरी केली, आता रिटायर. वरच्या भावाचं दुःख खरं आहे पण पतसंस्था आणि ग्राहक संस्था एका पारड्यात टाकू नका. पतसंस्थेत तुम्ही ठेव ठेवता आणि ती दुसऱ्याला कर्ज म्हणून जाते, घोटाळा तिथं शिरतो. ग्राहक भांडारात तुमचा शेअर तेवढा गुंततो, बाकी पैसे देऊन माल घरी. ठेवी घ्यायच्याच नाहीत असं उपविधीत, म्हणजे संस्थेच्या नियमावलीत, लिहा, निम्मी भीती गेली.

आता कायदा थोडक्यात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०. किमान १० माणसं लागतात आणि ती वेगवेगळ्या कुटुंबातली पाहिजेत, नवरा-बायको-मुलगा असे तीन धरून चालत नाही. हा कायद्यातला किमान आकडा, प्रत्यक्षात ग्राहक संस्थेला सभासद किती आणि भागभांडवल किती मागतात ते उपनिबंधक कार्यालयात जाऊन तोंडी विचारा, कागद करण्याआधी विचारा. एक मुख्य प्रवर्तक निवडायचा, नाव राखून घ्यायचं, नियोजित संस्थेच्या नावानं बँकेत खातं, शेअरचे पैसे त्यात, मग नमुना अ मधला अर्ज, उपविधी, प्रकल्प अहवाल. (होय, माझं नाव तिथूनच.) अर्ज पूर्ण असेल तर दोन महिन्यांत निर्णय द्यायचा असं कलम ९ म्हणतं. पूर्ण असेल तर, हे विसरू नका.

नोंदणीनंतरचं जास्त महत्त्वाचं. दरवर्षी ऑडिट, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, निव्वळ नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीला, लाभांश १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. आणि एक सभासद एक मत, शेअर एक असो की शंभर.

पुण्यात_अडकलेला_लातूरकर
पण नोंदणीच कशाला आधी? मुंबई ग्राहक पंचायत बघा ना, १९७५ पासून चाललंय त्यांचं. शेजारपाजारची घरं मिळून एक गट करतात, महिन्याची यादी एकत्र, माल घाऊक घेतात, एका घरी उतरवतात आणि गटातलेच लोक येऊन वाटून घेतात. दुकान नाही, काउंटर नाही, पगारी माणूस गल्लीत नाही. तुम्ही दुकान काढलं की भाडं, लाईटबिल, एक पोरगा बसवायचा, त्याचा पगार, झालं, तुमचा स्वस्तपणा तिथंच संपला.

गंजगोलाई_सोळावा_रस्ता
हे बरोबर बोललं. भाडं विचारलं का तुमच्या रोडला?? गाळ्याचं भाडं ऐकून माझा चुलता परत फिरला, त्याला स्टेशनरी टाकायची होती.

निंबाखालचं_घर
भाड्याचा प्रश्न नाही, आमची पार्किंग मोकळी आहे, शटर लावता येतं. पण ग्राहक पंचायतीचा मुद्दा पटला. आमच्या गल्लीनं एकदा केलंय तसं काहीसं, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं ना लातूरला, त्या उन्हाळ्यात गल्लीत कुणालाच एकट्याला टँकर परवडत नव्हता, मग आठ घरांनी वर्गणी करून टँकर बोलवायचा आणि बॅरल मोजून वाटायचं. भांडणं झाली, लई झाली, पण चाललं. तेव्हा सगळे एकमेकांना ओळखत होते हा फरक. आता शेजारच्या होस्टेलमध्ये कोण राहतंय ते वॉचमनलाच माहीत.

आडत_लाईन
यार्डात काम करतो, डाळीचं मी सांगतो, बाकीचं दुसऱ्यांनी सांगावं.

तूर घेऊन भरडून डाळ करायची म्हणत असाल तर हिशोब असा बसतो. एक क्विंटल तुरीतून मिलवर ७० ते ७५ किलो डाळ निघते, माल कसा हे त्याच्यावर. बाकी चुनी, टरफल, ते बी विकतंय, दूधवाले नेतात म्हशीला. समजा तूर साडेसात हजारानं पडली (भाव रोज बदलतंय, हा आकडा नुसता गणितापुरता धरा), आडत हमाली तोलाई गाडी दीडशे, मिलचे चारशे धरू. ८,०५० झाले. चुनी-टरफलाचे चारेकशे वजा. राहिले ७,६५०. भागिले ७२. किलोला १०६ च्या आसपास. त्यात पोतं, घट, परत एक हमाली. म्हणजे दुकानात जर १३० नं मिळत असली तर पंधरा-वीस रुपये सुटतात, पण कवा, तर तुम्ही किमान काही पोती एकदम घेतली तर. मोठी मिल दोन पोत्यासाठी मशीन चालू करत न्हाई. मिनी डाळमिल असत्यात गावाकडं, अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं काढलेल्या डिझाईनच्या, बचत गटांकडं बी हाईत, तिथं थोडा माल होतंय.

दुसरं. डाळ मागताना 'चांगली द्या' म्हणू नका, ग्रेड सांगा. फटका, सव्वा नंबर, असं बोलायचं. फटका म्हणजे वरचा माल, साफ, एकसारखा. भाव वेगळा असतंय. न्हाईतर पैसे फटक्याचे आन माल सव्वा नंबर, आन तुमच्या भिशीत भांडण.

तिसरं, जानेवारी-फेब्रुवारीत घ्या, आवक असती तवा. पण ओली तूर घेऊ नका, हमीभावानं खरेदीत बी ओल १२ टक्क्यांच्या वर चलत नाही ते त्याच्यासाठीच. आन पावसाळ्यात भुंगे झाले की सगळा नफा भुंग्यांचा.

निंबाखालचं_घर
आडत_लाईन दादा हे सोन्यासारखं लिहिलंत. प्रिंट काढून भिशीत वाचते.

बोरसुरी_ते_ब्रुकलिन
मी मूळ निलंगा तालुक्यातला, सध्या न्यूयॉर्कला. इथं ब्रुकलिनमध्ये पार्क स्लोप फूड कोऑप म्हणून आहे, १९७३ ला सुरू झालं. काढलं तेव्हा तो भाग साधा होता, आता तिथं भाडी ऐकून घाम फुटतो. तरी दुकान टिकलं कारण जागा त्यांनी स्वतःची केली, आणि दुसरं म्हणजे तिथं सभासदालाच काम करावं लागतं, काही आठवड्यांतून एकदा पावणेतीन तास. डॉक्टर असो, प्रोफेसर असो, पेट्या उचलायच्या, चीज कापायचं, काउंटरला बसायचं. त्यामुळं पगाराचा खर्च एकदम कमी. माझ्या ओळखीचे एक जण इथले वकील, ते शनिवारी बटाटे निवडतात.

तसं का नाही करत? आणि हो, बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, ती विका ना भांडारात, आमच्या गावाकडच्यांना बी भाव मिळंल.

उदगीरी_फटका
लातूरात वकील बटाटे निवडंल? 😂 पाहुण्यानं बघितलं तर सोयरीक मोडंल. भाऊ तुमच्याकडं ठीक हे.

गंजगोलाई_सोळावा_रस्ता
बाया निवडतील की, नेहमीसारखं. मग त्याला सहकार म्हणायचं.

निंबाखालचं_घर
वरच्या वाक्यावर मी थांबले जरा. खरंय, सध्याच्या उत्साहात एक बी पुरुष नाही, आणि पोती उचलायचा विषय निघाला की 'आमच्या ह्यांची कंबर' सुरू होतं. काम सगळ्यांना सारखं किंवा मग कामाचे पैसे, दोन्हीतलं एक आधीच ठरवावं लागणार.

नमुना_अ
जीआयबद्दल सावध. बोरसुरी तूरडाळ, पटडी चिंच, कास्ती कोथिंबीर, आपल्या जिल्ह्याची तिन्ही नोंद झाली हे आनंदाचं आहे, पण म्हणून कुठल्याही डाळीच्या पिशवीवर 'बोरसुरी' लिहून चालत नाही. त्या भागातला, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेला शेतकरी किंवा गट यांच्याकडूनच घ्या आणि बिल ठेवा.

आणि जीएसटीचं एक लक्षात ठेवा. जुलै २०२२ पासून आधीच पॅक करून लेबल लावलेली डाळ, पीठ, धान्य २५ किलोपर्यंत असेल तर ५ टक्के लागतो. सुटं विकलं तर नाही. म्हणून सभासदाच्या डब्यात, त्याच्या समोर मोजून द्या. वजनकाटा वैधमापन खात्याकडून तपासून शिक्का मारलेला पाहिजे, दरवर्षी. आणि अन्न परवाना लागतोच, छोट्याला नोंदणी, मोठ्याला लायसन्स, उलाढालीवर आहे.

दुकानदाराचा_पोरगा
मी गप बसणार होतो. आमचं दुकान त्याच रोडला आहे, नाव सांगत नाही, ताई कदाचित गिऱ्हाईक असतील. सगळे मिळून दुकानदाराला चोर करायलात म्हणून लिहितो.

तुम्हाला डाळीचे पंधरा रुपये दिसतात. आमची वही दिसत नाही. वॉचमन, मेसमधी भाकरी थापणाऱ्या मावश्या, रिक्षावाले, हे सगळे महिन्याच्या उधारीवर. १० तारखेला निम्मे देतात. लॉकडाऊनला २०२० मध्ये पोरं गावाला गेली, सगळा रोड रिकामा, तेव्हा मेसवाल्यांची उधारी आमच्या अंगावर आली, काही अजून यायची आहे. तरी आम्ही कुणाचं तेल-मीठ बंद केलं नाही. तुमचं भांडार रोखीनं चालणार ना? मग रोखवाले सगळे तुमच्याकडं येणार आणि उधारीवाले आमच्याकडं राहणार. मग आमचं दुकान बंद, आणि त्या मावश्या कुठं जाणार? तुम्ही त्यांना उधार देणार का?

पुण्यात_अडकलेला_लातूरकर
भारी मुद्दा. खरंच.

नमुना_अ
उधारीनं भांडारं बुडाली हे मात्र तितकंच खरं. इंग्लंडात रॉशडेलच्या २८ जणांनी १८४४ ला दुकान काढलं, त्यांचा एक मोठा नियम हाच होता, रोख द्या माल न्या. आपल्याकडं १९६२ नंतर केंद्राच्या योजनेतून जागोजागी ग्राहक भांडारं निघाली, त्यातली किती तरी नियंत्रणातल्या साखरेवर, रॉकेलवर, कंट्रोलच्या कापडावर चालायची. नियंत्रण सैल झालं, त्यांच्याकडं दुसरं विकायला काही नव्हतं आणि येणेबाकीचं रजिस्टर जाड. मी स्वतः अशा संस्था अवसायनात, म्हणजे बंद करून हिशोब मिटवायला, काढल्याचे कागद केलेत. उलट वारणा बाजार बघा, किंवा मुंबईचा अपना बाजार, १९४८ साली नायगावला कामगार वस्तीत सुरू झाला, त्यांनी नाव कमावलं कारण रोजच्या लागणाऱ्या मालावर त्यांचा हात बसला होता.

मेसवाली_काकू
मला मुलीनं हे वाचून दाखवलं, तीच टाईप करायली. मी त्याच भागात मेस चालवते, शंभर-एक लेकरं हाईत जेवायला.

ताई तुम्ही वीस-पंचवीस घरं म्हणता, एका घराला महिन्याला तूर डाळ किती लागती? तीन किलो, लई तर चार. माझ्याकडं रोज पाच-साडेपाच किलो शिजती, दोन टाईमाचं वरण धरून. म्हणजे महिन्याला दीड क्विंटल. तेलाचे डबे वेगळे, गहू वेगळा, शेंगदाणा वेगळा. तुमची अख्खी गल्ली मिळून जेवढी डाळ घेणार त्याच्यापेक्षा माझी एकटीची जास्त. आन आपल्या रोडला अशा मेस किती हाईत ते मोजा. आम्हाला कुणी विचारलं का? न्हाई. सगळे म्हणतात मेसवाल्यांनी एरिया खराब केला, भाडी वाढवली, उष्टं नालीत टाकतात. टाकतात काही जण, खोटं न्हाई. पण मी बी भाड्यानं हाव, मी बी नवरा गेल्यावर गावाकडून इथं आले, मालक दर वर्षाला भाडं वाढवतो आन मेसचा रेट वाढवला की आईबाप फोन करून वरडतात.

मला घ्या भांडारात. मग तुमचा माल मिलवरून येईल, दोन पोत्याला मशीन चालू करत न्हाईत म्हणले ना ते दादा.

आडत_लाईन
काकूनं एका झटक्यात गणित फिरवलं. पाच मेस एकत्र आल्या तर महिन्याला सात-आठ क्विंटल डाळ. त्याला मिलवाला खुर्ची देतंय बसायला.

निंबाखालचं_घर
काकू, खरं सांगू, मेसवाल्यांना घ्यायचं हे भिशीत कुणाच्या डोक्यातच आलं नाही. उलट एकीनं म्हटलं होतं की 'आपल्या लोकांपुरतं ठेवू'. आपले म्हणजे कोण हेच आता बघावं लागणार, कारण आपले होते त्यातले निम्मे प्लॉटिंगला गेले.

पण नमुना_अ काका, एक शंका. मेस तर धंदा झाला ना, तो ग्राहक कसा? आणि त्यांची खरेदी एवढी मोठी की भांडार त्यांचंच होईल, आम्ही तीन किलोवाले कोपऱ्यात.

नमुना_अ
प्रश्न चांगला आहे. काकू डाळ परत विकत नाहीत, शिजवून वाढतात, तरी उपविधीत सभासद कोण होऊ शकतो ते स्पष्ट लिहून उपनिबंधकांकडून आधी खात्री करा. सभासद व्यक्ती म्हणून घ्या, मेसच्या नावानं नको.

वर्चस्वाचं म्हणाल तर काकूंनी दीड क्विंटल घेतली काय आणि तुम्ही तीन किलो घेतली काय, मत एकच. फायदा मात्र खरेदीच्या प्रमाणात परत देता येतो, वर्षाखेरीला. म्हणजे जास्त घेणाऱ्याला जास्त रिबेट पण जास्त मत नाही. शेअरवर लाभांश कमी ठेवा आणि खरेदीवर रिबेट द्या, मग पैसेवाला येऊन शेअर गोळा करत बसत नाही, त्यात त्याला रसच राहात नाही. समिती जास्तीत जास्त २१ ची, तुम्हाला सात-नऊ पुष्कळ झाले. महिलांना राखीव जागा २, पण तुमच्याकडं उलटंच दिसतंय, पुरुष शोधावे लागतील.

उदगीरी_फटका
हे रिबेटचं मला माहीत नव्हतं. बरं वाटलं वाचून. पण मे महिन्यात काय? नीटची परीक्षा झाली की पोरं गेली, मेस बंद, जून निम्मा जाईपर्यंत एरियात कुत्रं दिसत न्हाई. दीड क्विंटल डाळ कोण खाणार तवा?

मेसवाली_काकू
आमचा मे महिना पापड-कुरडयात जातो. त्या टायमाला तुमची गल्ली वर्षाचं धान्य भरती ना? गहू, ज्वारी, डाळ वाळवून डब्यात? मग मे तुमचा, बाकी वर्ष आमचं.

निंबाखालचं_घर
काकू तुम्हालाच चेअरमन करावं लागतंय.

नांदेडहून_आलेली_आई
मी खोली करून राहणाऱ्यातली. मुलगी बारावीला आहे, पुढच्या वर्षी आम्ही जाणार. शेअर घेऊन काय करू, परत मिळायला वर्ष लागलं तर? पण माल पाहिजे, मला इथं महिन्याचं सामान सगळं अर्धा किलो पाव किलो घ्यावं लागतंय, तेच महाग पडतं.

नमुना_अ
तुमच्यासाठी नाममात्र सभासद हा प्रकार कायद्यात आहे, कलम २४. थोडी फी, माल मिळतो, पण मत नाही आणि नफ्यात हिस्सा नाही. विद्यार्थ्यांना पण तेच.

नांदेडहून_आलेली_आई
मत नाही म्हणजे परत आम्ही पाहुणेच. बरं. राग नाही, नुसतं म्हणलं.

पुण्यात_अडकलेला_लातूरकर
नाही, हे बरोबर नाही वाटत. त्या भागात अशा आया शेकड्यानं असतील, दर दोन वर्षांनी चेहरे बदलतात पण गट तेवढाच राहतो. त्यांना पूर्ण सभासद होऊ द्या, शेअर लहान ठेवा, आणि सोडून जाताना शेअर परत किंवा नवीन येणाऱ्या बाईच्या नावावर करायची सोय उपविधीत टाका. खोली जशी एकीकडून दुसरीकडं जाते तसा शेअर जाईल.

नमुना_अ
होऊ शकतं. हस्तांतराला समितीची मंजुरी लागते आणि शेअर किमान किती काळ हातात ठेवायचा याचे नियम आहेत, ते बघून उपविधी लिहा. कटकट आहे, अशक्य नाही.

गंजगोलाई_सोळावा_रस्ता
अजून एक कुणी बोललंच नाही. ज्वारी. आपल्या शेतात आता सगळं सोयाबीन नाहीतर ऊस. करडई तर बघायला मिळत न्हाई, करडीचं तेल घाण्यावरचं पाहिजे म्हणलं की सोनं मागितल्यागत बघतात. भांडारानं कुणा चार शेतकऱ्यांना पेरणीच्या आधीच सांगितलं की एवढी मालदांडी आम्ही घेणार, एवढी करडई घेणार, तर ते पेरतील. माझ्या मामाच्या शेतात येळवसीला (वेळा अमावस्येला) गेल्तो, मामा म्हणला ज्वारी कामून पेरू, काढायला माणूस मिळत न्हाई आन पाखरं खातात, मी भावाची खात्री मागतो तर सगळे हसतात.

आडत_लाईन
हे दुसऱ्या वर्षी करा. पहिल्या वर्षी शेतकऱ्याला शब्द दिला आन गल्लीनं ऐन टायमाला ऑर्डर कमी केली तर त्याचा माल कुठं टाकणार? आधी घरचं गिऱ्हाईक टिकतंय का बघा.

निंबाखालचं_घर
काल बसलो होतो आमच्या पार्किंगमध्ये. भिशीतल्या बऱ्याच जणी, काकू आणि त्यांच्यासोबत अजून दोन मेसवाल्या, नांदेडच्या ताई, आणि हो, दुकानदाराचा पोरगा पण आला होता (गिऱ्हाईक निघाले मी त्यांची, बिल बघून ओळखलं). भांडण झालं. एक जुन्या काकू म्हणाल्या मेसवाले आले तर मी नाही, आणि उठून गेल्या. बघू, येतील परत, त्यांना डाळ लई लागते.

जे ठरलं ते असं. नोंदणी सध्या नाही. आधी तीन महिने नुसती एकत्र खरेदी, पैसे आगाऊ, यादी दर महिन्याच्या २५ तारखेला बंद. माल पाचच, तूर डाळ, साखर, शेंगदाणे, गहू आणि तेल. तिखट-मसाला नाही, त्याच्यावर मतं लई असतात. पार्किंगमध्ये रविवारी वाटप, मोजायला दर वेळी दोघं, त्यात एक पुरुष पाहिजेच असं नांदेडच्या ताईंनी लिहून घेतलं. हिशोबाचा कागद भिंतीला, सगळ्यांना दिसेल असा. तीन महिन्यांनी आकडे बघून मग नमुना अ.

दुकानदार भाऊंशी वेगळं बोलणं झालं. ते म्हणाले पाच वस्तू तुम्ही घेता तर घ्या, पण माल माझ्या गाडीनं आणा, भाडं मला द्या, आणि पोतं फोडून उरलेला माल असेल तो मला घाऊक भावानं द्या म्हणजे मी तो माझ्या उधारीवाल्या गिऱ्हाइकाला तुमच्याच भावानं देतो, दोन रुपये वर. मावश्यांचा प्रश्न थोडा तरी सुटतो. मला हे बरं वाटलं, आमच्यातल्या दोघींना नाही वाटलं, त्या म्हणतात उद्या सगळाच माल 'उरलेला' होईल. पहिल्या महिन्याला उरलेल्याची मर्यादा ठेवलीय, अर्धं पोतं.

दुकानदाराचा_पोरगा
अर्धं पोतं म्हणजे पंचवीस किलोचं अर्धं का पन्नासचं? ते क्लिअर करा ताई.

निंबाखालचं_घर
पन्नासचं.

बारावी_ब
आम्ही होस्टेलवाले पण घेऊ शकतो का? आमच्या रूमवर गॅस नाही, पोहे भिजवून दही टाकून खातो, रात्री अभ्यासाला. पोहे घ्या ना लिस्टमध्ये. जाड वाले, पातळ नको.

मेसवाली_काकू
जाड पोहे मला बी लागतात, नाष्ट्याला. सहा वस्तू करा.

निंबाखालचं_घर
बारावी_ब, किती खोल्यांना पाहिजेत ते विचारून २५ च्या आत सांग. आणि डबा घेऊन यायचं, धुऊन.

बारावी_ब
आमच्या मजल्यावर नऊ खोल्या आहेत, खालच्या मजल्यावरचे विचारून सांगतो. डबा नाही, पाच लिटरची पाण्याची बाटली चालते का कापून?

आडत_लाईन
चालतंय. फक्त आतून वाळलेली आण रे.